कार्पची ओटी

मासा धरायला गळ लागतो एवढं ज्ञान मला होतं. त्याला सरकारचं लायसन्सही लागतं, हे मला शेजारच्या ग्रॅहमने कुंपणावरून सांगितलं.

"आणि धरणार कुठला मासा?" त्याने विचारलं.

"कार्प," मी म्हणालो.

ग्रॅहमने हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला. व्हिक्टोरियातल्या ग्लेन वेव्हर्लीत इतकी वर्षं आम्ही शेजारी राहतोय, पण माझ्याकडे त्याने एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं. "मेट," तो हळू आवाजात म्हणाला, "दॅट्स नॉट अ फिश. दॅट्स फर्टिलायझर." मग त्याने मला त्याचं लिंबाचं झाड दाखवलं. त्याच्या मुळाशी म्हणे दोन कार्प पुरलेले होते आणि झाड खुशीत होतं. या देशात कार्पची किंमत आपल्याकडच्या घुशीएवढी. तो नद्यांचा चिखल ढवळतो, इथल्या माशांना जगू देत नाही, म्हणून सरकार त्याच्या मागे हात धुऊन लागलेलं आहे. तो मासा एक शिकलासवरलेला, टाय लावून ऑफिसला जाणारा इसम खाण्यासाठी धरायला निघालाय, हे ग्रॅहमच्या पचनी पडेना. "शेजाऱ्यांना सांगू नकोस," असा प्रेमळ सल्ला देऊन तो घरात गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

पण माझा नाइलाज होता. माझी धाकटी बहीण चिन्मयी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिला दिवस गेले आणि तेव्हापासून तिच्या पोटात काही ठरेना. वास आला की उलटी, पाहिलं की उलटी, जेवणाचा विषय निघाला की उलटी. एरवी ही मुलगी म्हणजे जेवणातल्या चुका काढण्यात पटाईत. आमटीला फोडणी करपली, भाकरीला पापुद्रा नाही, असं काहीतरी म्हटल्याशिवाय पहिला घास तिच्या घशाखाली उतरत नसे. ती आता कोरडा टोस्ट कुरतडत गप्प बसून राहायची. तिच्या टीकेची मला इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. सातवा महिना लागला तरी वजनाचा काटा हलेना. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे, पण दोनदा, "शी मस्ट ईट" म्हणून सांगितलं. सांगलीहून आई आली होती ती मेतकूट, आवळ्याची सुपारी असं काय काय घेऊन. त्याचाही काही उपयोग झाला नाही. आई रात्री जपमाळ घेऊन बसायची आणि मणी न ओढता नुसतीच खिडकीबाहेर बघायची.

आणि एका संध्याकाळी चिन्मयी सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, नदीचा मासा खावासा वाटतोय गं. आपल्याकडचा."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऐकलंस ना?" एवढंच म्हणाली.

चिन्मयीचा नवरा शंतनू तिथेच बसला होता. पण त्याचा उपयोग नव्हता. तो पुण्याच्या ज्या घरातला आहे तिथे केकमधल्या अंड्यावरसुद्धा चर्चा होते. तेव्हा भाऊ म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. आधी दुकानं पालथी घातली. बारामंडी आणला, स्नॅपर आणला; समुद्राच्या वासाने ती बाथरूमकडे पळाली. फ्रीझरमधला रोहू आणला; तो बिचारा इतके महिने बर्फात होता की त्याला वास असा उरलाच नव्हता, पण तिने तोही शोधून काढला. मग मी अभ्यास केला. रोहू, कटला, मृगळ ही सगळी कार्पचीच भावंडं. आणि कार्प तर इथे मोप! म्हणजे नुसतं तळ्यावर जायचं, गळ टाकायचा, मासा काढायचा आणि बहिणीला खाऊ घालायचा. इतकी सोपी योजना माझ्या हातून आयुष्यात आखली गेली नव्हती.

ती सोपी राहिली नाही याला कारण आमच्या इथल्या मराठी मंडळाचा श्रीनिवास. त्याने आयुष्यात मासा धरलेला नाही, पण सल्ला द्यायला त्याला अनुभव लागत नाही. "डोहाळजेवण झालंय का तिचं? नाही ना? मग नावेतलं कर की! तळ्यावर जातोच आहेस. दोन्ही कामं एका पेट्रोलमध्ये." हे त्याने नेमकं माझ्या बायकोसमोर सांगितलं. मयूराचे डोळे चमकले. आमच्या आळीत बागेतलं झालं, चांदण्यातलं झालं, पण नावेतलं डोहाळजेवण अजून कोणी केलं नव्हतं. त्या क्षणापासून माझा गळ मागे पडला आणि फुलांचे दागिने, हिरवी साडी, मसालेभात, फुलांचा धनुष्यबाण यांची धामधूम सुरू झाली. मासा धरायचा आहे याची मी अधूनमधून आठवण करून देत होतो. "हो, तेही करू," असं मला सांगण्यात यायचं.

लायसन्स ऑनलाइन निघालं. निघता निघता त्याने माझं नाव अर्ध्यावर कापलं, त्यामुळे सरकारदरबारी आता मी 'हृषि' एवढाच मासेमार आहे. खाली नियम होते. अमुक मासा अमुक बोटांपेक्षा लहान असेल तर पाण्यात सोडा, तमुक मासा तमुक महिन्यांत धरू नका. कार्पच्या बाबतीत मात्र एकच नियम: एकदा धरला की जिवंत परत सोडायचा नाही. लहान असो, मोठा असो, नाही म्हणजे नाही. "आपण कुठे सोडायला चाललोय?" मी हसून म्हणालो आणि मान्य असल्याची खूण केली.

आता गळाला लावायचं काय, हा प्रश्न. ग्रॅहम म्हणाला डब्यातला मका. श्रीनिवास म्हणाला पाव. आईने दोघांनाही मोडीत काढलं. तिने कणीक घट्ट मळली, तिच्यात हळद, ठेचलेला लसूण आणि चांगला चिमूटभर हिंग घातला. "घाटावर पोरं कणकेनंच धरायची," ती म्हणाली.

"त्यात हिंग कोणी घालत नव्हतं, आई."

"म्हणूनच त्यांना लहान मासे मिळायचे," आई म्हणाली.

आम्ही भल्या सकाळी निघालो. मी, मयूरा, आमची नऊ वर्षांची सुखदा, आई, चिन्मयी आणि मांडीवर प्लास्टिकची बादली धरून शंतनू. व्हिक्टोरियातला डोंगराळ रस्ता देखणा आहे असं सगळे सांगतात. आम्ही तो बघितला तो बादलीच्या वेळापत्रकानुसार. दर वळणाला गाडी थांबायची, शंतनू बादली घेऊन उतरायचा, चिन्मयी पाठोपाठ. शेवटी एका चढावर पोचलो आणि खाली तळं दिसलं. निळंशार पाणी, भोवती निलगिरीची झाडं आणि लांबच्या शिखरांवर नोव्हेंबरमध्येही बर्फाच्या रेघा राहिलेल्या. आईने हात जोडले. कोणाला ते विचारलं नाही, पण मीही जोडले.

होडी भाड्याने देणारा गृहस्थ सज्जन होता, पण नियमाचा पक्का. होडी म्हणजे तरंगता ओटाच, वर छप्पर, कडेने बाक. "सगळ्यांनी लाइफजॅकेट घालायचं," तो म्हणाला. चिन्मयीने हिरवीगार साडी नेसली होती, दंडात, गळ्यात, कमरेला फुलांचे दागिने. मयूरा पहाटेपासून त्यावर खपली होती. त्या सगळ्यावर त्याने एक भलंमोठं नारिंगी जॅकेट चढवलं आणि पट्टे आवळले. निशिगंधाचा सगळा हार हनुवटीखाली गोळा झाला. मयूराला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात त्याची नजर धनुष्यबाणावर गेली.

"नो वेपन्स ऑन बोर्ड," तो म्हणाला.

मयूराने तो त्याच्या नाकाशी धरला. त्याने वास घेतला, बाणाचं टोक बोटाने दाबून पाहिलं, आणि 'आता काय बोलायचं' असा चेहरा करून आम्हाला सोडलं.

तळ्याच्या मध्यावर नांगर टाकला आणि मी गळ हाती घेतला. गळ कसा फेकायचा याचे व्हिडिओ मी आठवडाभर पाहिले होते. मनगट मागे, मग पुढे, आणि दोरी सुटते. माझी सुटली, पण मागेच. हुक जाऊन मयूराच्या पैठणीच्या पदरात, नेमका मोराच्या डोळ्यात बसला.

"बाबा, यू कॉट मम!" सुखदा ओरडली.

मयूराने मोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाला त्या पाहण्याचा अर्थ समजतो. दुसऱ्या फेकीला शंतनूची टोपी पाण्यात गेली. तिसऱ्या फेकीला दोरीचा असा गुंता झाला की आईने मुकाट्याने पुढे होऊन गळ माझ्या हातातून काढून घेतला, गुंता सोडवला, कणकेची गोळी लावली आणि लोटीने अंगणात पाणी शिंपडावं तसा तो अलगद पाण्यात टाकला. "जा, तू ओवाळायचं ताट धर," ती मला म्हणाली. गावभर गाजलेल्या मासेमाराच्या हातात निरांजन आलं.

आम्ही ओवाळत असतानाच फिशरीज खात्याची मोटरबोट शेजारी येऊन थांबली. तिच्यात एक तरुण, उन्हाने रापलेली अधिकारी होती, केली नावाची. तिने नारिंगी जॅकेटमधली नवरीसारखी नटलेली बाई पाहिली, निरांजन पाहिलं, आणि तरीही शांतपणे विचारलं, "हाऊ वी गोइंग? लायसन्स?"

मी रुबाबात फोन पुढे केला. तिने पाहिला. "हे तुझं झालं. पण गळ तर त्यांच्या हातात आहे."

झाली पंचाईत. लायसन्स ज्याचं त्याचं. सत्तरीच्या पुढच्यांना मात्र ते लागत नाही, आणि आई आहे अडुसष्ट वर्षांची. पण शाळेत घालताना आजोबांनी मास्तरांना तिचं वय तीन वर्षं वाढवून सांगितलं होतं, त्यामुळे कागदोपत्री ती एकाहत्तरची. "मला उगाच म्हातारी करून ठेवलंय," म्हणत या गोष्टीसाठी आई आयुष्यभर आजोबांवर रुसलेली. मी फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. केलीने हिशेब केला, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "सेव्हन्टी-वन! यू लुक अमेझिंग."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"वयाच्या मानाने तरुण दिसतेस म्हणते."

"दिसणारच," आई म्हणाली, आणि त्याच वेळी गळ कमानीसारखा वाकला.

पुढचं मला सलग आठवत नाही. आई ओढली गेली, मी आईला धरलं, मयूराने मला, आणि सुखदाने मयूराचा पदर, जो आधीच फाटला होता. केली पलीकडून "रॉड अप! रॉड अप!" ओरडत होती. आई तिला मराठीतून "हो गं बाई, कळतंय" म्हणत होती. होडी गोल फिरू लागली. मसालेभाताचं पातेलं या टोकाकडून त्या टोकाला जाऊन परत आलं. "शंतनूराव, जाळी!" आई गरजली. शंतनूने डोळे घट्ट मिटून, तोंडाने रामरक्षा पुटपुटत जाळी पाण्यात घातली आणि काय नशीब बघा, मासा नेमका तिच्यात आला. शाकाहारी हातांनी तो वर ओढला. सोनेरी खवल्यांचा, सुखदाच्या दप्तराएवढा कार्प होडीत येऊन आपटला. आम्ही सगळे ओरडलो. केलीनेही टाळ्या वाजवल्या.

आईच फक्त खाली वाकून बघत होती. तिने माशाच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवला आणि ताठ झाली.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर पोटुशी आहे."

डोहाळजेवणाच्या दिवशी, भरल्या ओटीच्या मुलीसमोर, आम्ही भरल्या पोटाची मासोळी धरून आणली होती. मयूराने तोंडावर हात ठेवला. आईने आधी ताटातून हळदकुंकू घेऊन माशाच्या कपाळावर लावलं, चार अक्षता टाकल्या, आणि एक खणही त्याच्या अंगावर पसरला.

"व्हॉट आर दे डूइंग?" केलीने विचारलं.

"इट्स अ बेबी शॉवर," सुखदाने समजावलं. "आजी इज इन्क्लूडिंग द फिश."

"सोड रे हिला," आई मला म्हणाली.

केलीला मराठी कळलं नाही, पण मी माशाखाली हात घातलेला कळला. "सॉरी, मेट. कार्प परत सोडता येणार नाही. मोठा दंड आहे."

मी चिन्मयीकडे पाहिलं. ती माशाकडे टक लावून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हिच्यासाठी एवढा आटापिटा केला, आणि मी हिला हे दाखवायला आणलं? मी केलीपुढे उभा राहिलो आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण केलं. आमच्यात आई होणं म्हणजे काय, माहेर म्हणजे काय, भाऊ म्हणजे काय. इंग्रजीत माझी जीभ एरवी ऑफिसच्या मीटिंगमध्येही अडखळते. त्या दिवशी ती धबधब्यासारखी वाहिली. केलीचे डोळेही ओलावले. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "दॅट वॉज ब्यूटिफुल. बट नो."

ठीक आहे, मी मनाशी म्हणालो. काय दंड व्हायचा तो होऊ दे. बहिणीच्या अश्रूंपुढे दंड कसला! मी मासोळी खणासकट उचलली. तिने शेपटीने माझ्या थोबाडीत दिली. तेही मी मोठ्या मनाने घेतलं. कठड्याशी गेलो, हात पुढे केले.

"दादा!" चिन्मयी किंचाळली. "सोडलीस तर याद राख!"

मी थिजलो. सगळेच थिजलो.

"अगं, तूच तर रडतेयस ना?"

"रडू नको तर काय करू? अंड्यांनी गच्च भरलेली गाभोळी डोळ्यांसमोर आहे आणि तुम्ही सगळे मिळून ती पाण्यात टाकताय!" ती हुंदके देत म्हणाली. "मला मासा नकोच होता रे! गाभोळी हवी होती. रव्यात घोळवून तळलेली. एवढी नेमकी मागणी कशी करायची म्हणून मासा म्हटलं."

"अगं, पण पोटुशी आहे ती," आई चाचरत म्हणाली.

"मी पण पोटुशी आहे, आई. आणि मला भूक लागलीये."

भूक. हा शब्द त्या पोरीच्या तोंडून महिनोन्महिने ऐकला नव्हता. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरीही ती अडली. "पण मी ओटी भरली गं तिची. हळद लावली."

"बरं झालं," चिन्मयी डोळे पुसत म्हणाली. "हळद लावून झालीच आहे, आता मीठ-मसाला तेवढा लाव."

आई माशासमोर गुडघ्यावर बसली आणि तिने हात जोडले. "बाई, माफ कर," ती अगदी खऱ्या आवाजात म्हणाली. "माझी पोर जेवली नाहीये." मग केलीकडे पाहून तिने मान हलवली. केलीने मासा घेतला, पाठ फिरवली आणि सरकारी शिस्तीत, एका फटक्यात काम उरकलं.

काठावरच्या बागेत सार्वजनिक बार्बेक्यू होता, बटण दाबलं की तवा तापतो तसला. आईने गाभोळी काढली. पिवळीधमक, दोन मुठींएवढी. खाऊच्या पिशव्यांत मसाला निघाला, मयूराने रवा शोधून काढला, तेल शेजारी सॉसेज भाजणाऱ्या कुटुंबाने दिलं. शंतनू वाऱ्याच्या उलट बाजूला झाडाखाली बादली घेऊन उभा राहिला. केली ड्यूटी संपवून आली होती. तव्यावर चर्र झालं, वास सुटला, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम चिन्मयीकडे पाहिलं. ती पळाली नाही. उलट एक पाऊल पुढे सरकली.

आईने पहिला तुकडा तिच्या ताटलीत वाढला. चिन्मयीने फुंकर मारली, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. कोणी हललं नाही. शंतनूने झाडाखालून बादली अर्धी उचलून धरली होती. आईचे ओठ हलत होते. चिन्मयीने चावलं, गिळलं. थोडं थांबली. आम्हीही थांबलो. पोटाने काही तक्रार केली नाही.

मग तिने डोळे उघडले आणि कपाळाला आठी घालून आईकडे पाहिलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आईने पदर डोळ्यांना लावला. मयूरा हसायला लागली, शंतनूच्या हातातली बादली गवतावर पडून घरंगळत गेली, आणि मला तर त्या केलीला मिठी मारावीशी वाटली. मी नुसताच मोठ्याने ओरडलो, "मीठ कमी आहे म्हणते!" सॉसेजवाल्या कुटुंबाने घाईघाईने मिठाचा डबा पुढे केला.

चिन्मयीने मीठ घेतलं आणि तव्यावरची उरलेली सगळी गाभोळी स्वतःच्या ताटलीत ओढून घेतली. एक तुकडासुद्धा तिने आम्हाला दिला नाही.